कुंपणातलं गवत

आमच्या गावच्या माळावर गुडघ्याच्या वर गवत वाढू शकतं, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. लहानपणी माळ म्हणजे मुरूम, तरवडाची झुडपं आणि गुरं. पावसाळ्यात थोडी हिरवी लव दिसायची, ती पोळ्यापर्यंतसुद्धा टिकायची नाही. गावातली सगळी जनावरं तिथंच चरायची आणि शेजारच्या गावांचीही यायची. कागदोपत्री ते गायरान, म्हणजे सरकारी. आणि सरकारी म्हणजे आमच्याकडं सगळ्यांचं किंवा कुणाचंच नाही, ज्याला जसं सोयीचं पडेल तसं.

गाव जळकोट तालुक्यातलं. नांदेडहून उदगीरकडं जाणाऱ्या एसटीतून मध्येच उतरायचं आणि आत चालत जायचं. आमचं शेत माळाला अगदी लागून होतं. शेत आणि माळ यांच्यामध्ये गुरांची वाट. दोन बैलगाड्या शेजारी-शेजारी जातील एवढी रुंद आणि पिढ्यान्‌पिढ्या खुरांनी तुडवून अशी टणक झालेली, की तिथं गवताची काडी उगवत नसे. बाबांच्या डोक्यातला जगाचा नकाशा फार सोपा होता. वाटेच्या अलीकडं आपलं, पलीकडं सरकारचं, आणि वाट गुरांची.

मी लग्न होऊन नांदेडला आले. तिथं शाळेत गणित शिकवते. दिवाळीला एक वेळ माहेरी गेले नाही तरी चालतं, पण येळवस मी चुकवत नाही. लातूरकडच्या माणसाला येळवस काय ते सांगावं लागत नाही. माझ्या शाळेतल्या बायकांना मात्र दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळी माणसं आपापल्या शेतात असतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी करायची, तिच्यात चुना लावलेले दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची. मग आंबील, शेंगा-पाल्याची भज्जी, बाजरीचे उंडे. ओळखीचा, बिनओळखीचा, रस्त्यानं जाणारा कुणीही हाक मारून जेवायला बसवायचा. जेवून माणसं तिथंच सावलीत आडवी होतात.

दिवस मावळायला लागला की हेंडगा पेटवतात. कडब्याची आणि वाळल्या गवताची घट्ट बांधलेली पेंढी, तिचा टेंभा. घरातला कर्ता पुरुष तो हातात घेऊन गव्हा-हरभऱ्याच्या कडेनं पळत शेताला फेरी घालतो. पिकावरची पीडा, नजर, रोग सगळं त्या जाळानं ओढून घ्यायचं. पुढं त्या जळत्या थोटकाचं काय करायचं, याची घरोघरची रीत वेगळी. आमच्या घरची रीत अशी, की ते शेतात विझवायचं नाही आणि घरीही आणायचं नाही. गुरांच्या वाटेवर फेकायचं आणि मागं वळून न बघता गावाकडं चालू लागायचं. मागं बघितलं तर पीडा पाठीमागं येते. मी लहान असताना एकदा मान वळवली होती, तर आजोबांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरून पुढं केलं होतं. वाटेवर थोटूक एकटंच जळून राख व्हायचं. तिथं पेटायला दुसरं काही नव्हतंच.

मग माळ बंद झाला.

सरकारचा निर्णय आधी कुणीच मनावर घेतला नाही. गायरान वनखात्याकडं गेलं, ते संवर्धन राखीव झालं, गवताळ माळ हेही जंगलच असतं आणि ते जपायचं असतं, असं ग्रामसभेत एका तरुण साहेबानं पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं. चित्रात हरणं होती, लांडगे होते. लोकांनी चहा घेतला आणि मान हलवली. आमच्याकडं मान हलवण्याचा अर्थ होकार नसतो, तुम्ही बोला, आम्ही ऐकतो आहोत, एवढाच असतो. पुढच्या उन्हाळ्यात खांब आले, तारेची जाळी आली. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, आत विस्तव नेण्यास मनाई, असा पत्रा लागला. मोजणीत असं निघालं की गुरांची वाटही सरकारी हद्दीतच आहे. तेव्हा जाळी वाटेच्या अलीकडं, थेट आमच्या बांधाला लागून उभी राहिली आणि वाट आत गेली.

मला तो निर्णय पटला होता, आजही पटतो. हे मी माहेरी कधी बोलले नाही. त्या माळाला खाऊन खाऊन आम्ही त्याची पाठ सोलली होती. पण कुणाच्याही दाराशी जाऊन त्याची वाट आत घेऊन टाकायची आणि पुढं काय होईल याचा विचार करायला तिथं कुणी ठेवायचं नाही, याचा मला तेव्हाही राग आला होता. बाबांनी बैलजोडी ठेवून बाकीची जनावरं विकली. त्या तारेकडं तोंड करून ते पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. शेताच्या त्या बाजूला पेरणी-काढणी सोडली तर फिरकणंच त्यांनी बंद केलं.

आणि त्याच वेळी माझा धाकटा भाऊ वनखात्यात रोजंदारीवर लागला. राखणदार. कुंपणाच्या कडेनं फिरायचं, आत कुणी गुरं सोडली तर हुसकायची, जनावरांचे माग बघायचे. बाबा म्हणाले, "आमच्याच घरातला माणूस आमच्याच तोंडाला मुसकं बांधायला निघाला." भावानं काठी उचलली आणि फेरीला गेला. तो मुळातच कमी बोलतो. पण नोकरी त्याला मनापासून आवडली, हे मला फोनवर त्याच्या आवाजावरनं कळायचं. एरवी 'हाव', 'न्हाई' यापलीकडं न जाणारा माणूस कुठल्या पक्ष्यानं कुठं अंडी घातली हे मला पाच-पाच मिनिटं सांगायचा.

पहिली दोन वर्षं गवत आलं, पण वाट अजून उघडीच होती. बाबांनी दोन्ही येळवशींना थोटूक जाळीवरून पलीकडं वाटेवर टाकलं. भाऊ तोंड फिरवून उभा राहिला. तिसऱ्या वर्षी पाऊस झडीसारखा लागला. मी गणपतीत गेले तेव्हा माळ ओळखूच येईना. शेतातून पाहिलं तर जाळीच्या आत कमरेएवढं गवत उभं, आणि वारा आला की सगळं एका अंगावर निजायचं, पुन्हा उठायचं. सुंदर दिसत होतं, आणि मला ते बघताना भीती वाटली. येळवशीच्या आधी ते वाळून पिवळं झालं, कुसळं जाळीतून बाहेर येऊन आमच्या हरभऱ्यात पडायला लागली. वाट कुठं होती ते आता ओळखू येत नव्हतं.

भावानं वनखात्यातल्या आपल्या साहेबांना विचारलं होतं. जाळरेषा काढायची असते, म्हणजे हद्दीच्या कडेचा गवताचा पट्टा कापून किंवा आधीच जाळून मोकळा करायचा, की बाहेरची आग आत जाऊ नये. साहेब भला माणूस होता. त्यानं सांगितलं, आगीचा हंगाम फेब्रुवारीपासून धरतात, जाळरेषेची मंजुरी त्याच्या थोडी आधी येते, मजूरही तेव्हाच लावता येतात. येळवस मात्र त्याच्या कितीतरी आधी येते. हे वरच्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी लांडगी व्याली होती. माळाच्या मधून नाला जातो, त्याच्या काठाला तिची ढोल, म्हणजे बीळ होतं. भावानं लांबून पिलं बघितली होती. हे त्यानं घरात फक्त मला सांगितलं, कारण गावात कळलं असतं तर शेळ्यांच्या काळजीनं कुणीतरी ढोलीत धूर सोडला असता. "अक्का, माणसावानी एकमेकाच्या अंगावर पडून झोपतेत," तो म्हणाला. त्याला स्वतःला मूल नाही. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही, मीही बोलणार नाही.

येळवशीच्या दुपारी आंबील पिऊन झाल्यावर भाऊ बाबांपाशी बसला आणि म्हणाला, "यंदा हेंडगा गावाकडच्या रस्त्यावर टाका. नाहीतर मी पाण्याची बादली आणतो, तिच्यात बुडवू."

"पीडा पाण्यात बुडवतेत का कधी?" बाबा म्हणाले.

"वाटंवर गवत लई हाय."

"मला शिकवून राहिला का? वाटंवर गवत नसतंय."

मी मध्ये पडले. म्हणाले, बाबा, एकदा जाळीपाशी जाऊन बघून तरी या. ते उठले, बैलांना पाणी दाखवायला गेले. आमच्या घरात भांडण संपवायची हीच पद्धत आहे. बैलांना अशा वेळी फार पाणी प्यावं लागतं.

दिवस कलला तसा वारा सुटला. मी भावजयीला भांडी आवरू लागले, पण लक्ष सगळं बाबांकडं. वाटत होतं, उठावं आणि त्यांच्या हातातून हेंडगा काढून घ्यावा. पण उठले नाही. बाईमाणसानं हेंडग्याला हात लावायचा नसतो, हे त्याचं कारण खरं नाही. मला वाटलं भाऊ बघून घेईल. भाऊ बादली घेऊन जाळीपाशी उभाच होता. बाबांनी फेरी घातली. सत्तरीचा माणूस, पण त्या दिवशी पोरासारखा पळायचा. फेरी संपली तेव्हा त्यांना भाऊ बादलीसकट दिसला. ते त्याच्यापर्यंत गेलेच नाहीत. अलीकडंच, बांधावरच्या लिंबाच्या झाडापासून त्यांनी थोटूक जाळीवरून भिरकावलं, पाठ फिरवली आणि गावाकडं चालू लागले. रीत होती तशी, मागं न बघता.

मी बघितलं. आधी काहीच झालं नाही. मग धूर आला, आणि मग असा आवाज आला जणू कुणी कडब्याची गंजी दोन्ही हातांनी चुरडत होतं. भाऊ बादली ओतून परत भरायला वळेपर्यंत आगीनं वाट ओलांडली होती.

आमच्या गावाबद्दल मी पुष्कळ वाईट बोलते, पण त्या संध्याकाळचं सांगते. शेताशेतातून माणसं हातातलं टाकून धावत आली. लिंबाचे डहाळे, ओली पोती, जे मिळेल ते. जाळीवर चढून आत उड्या टाकल्या. ज्यांनी त्या जाळीला तीन वर्षं शिव्या घातल्या तेच लोक आतलं गवत वाचवायला आगीवर डहाळे हाणत होते. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. आणि त्या गडबडीत भाऊ दिसेना.

मला लगेच कळलं तो कुठं गेला असेल. मी ओरडले, नाल्याकडं, नाल्याकडं. तिघं जण गेले. त्यातला एक तर असा, की त्याची म्हैस भावानं त्याच आठवड्यात माळातून हाकलून कोंडवाड्यात घातली होती. धुरातून त्यांनी त्याला काखेत धरून ओढत आणलं. भुवया गेल्या होत्या, दोन्ही तळहात भाजले होते. त्याला मी मारलं. सगळ्या गावासमोर, एवढ्या मोठ्या बाप्याला पाठीत दोन धपाटे घातले आणि रडत बसले. ढोल रिकामी होती. लांडगीनं पिलं आधीच कुठंतरी हलवली होती.

बाबा तोवर गावात पोचले होते. आभाळ लाल दिसायला लागलं तेव्हा त्यांना दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. त्यांनी मागं बघितलंच नव्हतं.

आग नाल्यापाशी थांबली. सकाळी वनखात्याची जीप आली, मारुतीच्या पारावर जबाब सुरू झाले. रात्रीतून गावाचं ठरलं होतं. कुणी कुणाशी बसून ठरवलं नव्हतं, पण ठरलं होतं. शेजारच्या शिवारात एका मेंढपाळाचा वाडा उतरलेला होता. तो, त्याची बायको, मेंढरं, दोन घोडी. बाहेरचा माणूस. चूल पेटवली असेल, वाऱ्यानं ठिणगी उडाली असेल. गावातला एक जाणता माणूस उठून साहेबांना म्हणाला, "मेंढकं उतरलेत साहेब, इस्तवाचं त्यांना भान नसतंय." बाकीच्यांनी माना हलवल्या. त्या वेळी मान हलवण्याचा अर्थ होकारच होता.

मेंढपाळाला बोलावून आणलं होतं. तो फेटा हातात घेऊन उभा. "आमी पल्याडच्या रानात व्हतो जी," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याची बायको लांब उभी होती, तिच्या पदरात नुकतं झालेलं कोकरू होतं. त्यांच्यासाठी कुणी बोलणार नाही हे तिला आधीपासूनच माहीत असावं. ती आमच्याकडं बघतही नव्हती.

साहेबांनी भावाला विचारलं, "तू ड्युटीवर होतास. तू काय पाहिलंस?"

भावाच्या हातांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. त्यानं बाबांकडं बघितलं. बाबा पाराच्या कडेला बसले होते, काठीनं मातीत रेघ ओढत होते. तो बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिला. मला आता वाटतं, तो त्यांना संधी देत होता. तेव्हा मला फक्त एवढंच वाटत होतं की यानं तोंड उघडू नये. हो, मला तसंच वाटलं. तो मेंढपाळ माझ्यासमोर उभा होता तरीही.

"हेंडगा आमच्या बाबानं टाकला," भाऊ म्हणाला. "मी बघितलं."

 साहेबांनाही ते नको होतं असं मला दिसलं. त्यांनी बाबांना विचारलं. बाबांनी काठी बाजूला ठेवली. "टाकला," ते म्हणाले. "दरसाल तितंच टाकतो. तितं गवत नसतंय."

त्यानंतरचं सांगायला फार काही नाही. बाबांवर वन कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. त्यांना तालुक्याला नेलं, जामीन झाला, तारखा पडायला लागल्या. मेंढपाळ त्याच दिवशी वाडा हलवून निघून गेला. महिनाभरानं वरून आदेश आला की राखीव क्षेत्राला लागून असलेल्या शेतांत विस्तव पेटवायचा नाही, हेंडगा धरून. माळाकडेच्या सगळ्या शेतकऱ्यांच्या दारावर नोटिसा लागल्या. म्हणजे अर्ध्या गावाची येळवस गेली, असंच लोकांनी धरलं, आणि ती माझ्या भावानं घालवली.

आमच्या गावात वाळीत टाकलं असं आता कुणी म्हणत नाही, तसं म्हटलं तर पोलीस येतात. फक्त गिरणीवाल्याच्या गिरणीत आमची भावजय गेली की पट्टा तुटलेला असतो. भाऊ हॉटेलात चहाला गेला की दूध संपलेलं असतं. ज्या तिघांनी त्याला धुरातून ओढून काढलं, ते तो समोरून आला तर रस्ता बदलतात. म्हैसवाला तर थुंकतो. बाबा घर सोडून शेतातल्या आखाड्यावर राहायला गेले. आखाडा म्हणजे बैलांचा गोठा आणि त्याला लागून एक खोली. भावजय दोन वेळा डबा नेऊन देते, ते जेवतात. भावाशी एक शब्द बोलत नाहीत. ही गोष्ट आता वर्षाची झाली.

यंदा पाऊस गेल्या वर्षीपेक्षा चांगला झाला. आग लागून गेलेल्या जमिनीवर गवत जास्त जोमानं येतं, असं म्हणतात. ते खरं असावं. येळवस जवळ आली तशी मी सुट्टी टाकून निघाले. एसटीत गावातलाच एक माणूस शेजारी बसला. इकडचं-तिकडचं बोलणं झालं. मग खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "तुमच्या भावाचं गवत यंदा लई वाढलंय, अक्का. छातीला लागून राहिलंय." मी म्हणाले, भावाचं नाही, सरकारचं. तो हसला. "तेच की. आन् येळवस हाय."  आमचा थांबा यायच्या कितीतरी आधी मी पिशवी घेऊन दाराशी जाऊन उभी राहिले.

घरी जायच्या आधी मी शेतात गेले. आखाड्यावर बाबा नव्हते. जाळीपाशी गेले तर एका ठिकाणी तार वाकवून माणूस आत जाईल एवढी फट केलेली दिसली. आत बाबा बसून विळ्यानं गवत कापत होते. जुनी वाट जिथं होती बरोबर तिथं, तेवढ्याच रुंदीचा पट्टा, लिंबाच्या झाडापासून निघून पुढं पुढं गेलेला. कापलेलं गवत ते आमच्या रिकाम्या रानात आणून टाकत होते. बैलांना एक पेंढीही घातलेली नव्हती. सरकारी गवत चोरलं असं कुणी म्हणू नये म्हणून असेल.

"हे काय चाललंय बाबा?"

"वाट मोकळी करून राहिलो."

"जाळीच्या आत जायला बंदी आहे. तुमच्यावर आधीच एक केस आहे."

ते कापत राहिले. मूठभर गवत बाजूला टाकून म्हणाले, "हे लोक यंदा गवत पेटवल्याबिगर सोडत न्हाईत, बाई. माझ्या कानावर आलंय. आन् ते येडं आत पळतंय. मागच्या वक्ताला तिघं गेले त्याला आणायला. यंदा कोण जाईल?"

मला रडू आलं आणि रागही आला. वर्षभर पोराचं तोंड बघितलं नाही, आणि आता सत्तरीत विळा घेऊन कायदा मोडायला बसले. मी तशीच घरी गेले. भाऊ नुकताच फेरी संपवून जेवायला बसला होता. तळहातांची कातडी अजून ताणल्यासारखी दिसते, भाकरी मोडताना बोटं पुरती वळत नाहीत. मी म्हणाले, तुला माहीत आहे का शेतात काय चाललंय?

"हाव," तो म्हणाला. "रोज बघतो."

"मग?"

"साहेबानं पण बघितलंय लांबून. विचारलं न्हाई अजून."

"आणि विचारलं तर?"

त्यानं भाकरीचा घास केला, पण तोंडात घातला नाही. "सांगावं लागल."

मग मात्र मी त्याला सोडलं नाही. जे तोंडाला येईल ते बोलले. म्हणाले, तुझ्या जिवासाठी करतोय तो म्हातारा, तुझ्या साहेबांनी जी जाळरेषा वेळेवर काढली नाही तीच काढतोय, आणि तू परत त्याला कोर्टात उभा करणार? तुझं काळीज आहे की मुरूम? भावजयीनं चुलीवरचा तवा उतरवला. 

"अक्का," तो म्हणाला, "त्या मेंढक्यासाठी मी बाबाचं नाव घेतलं. आता मला वाचवायला निघाले म्हणून लपवलं, तर मग तवा तरी कशाला घेतलं? लोक म्हणतेत तेच खरं ठरल. बापाशी जुनं भांडण होतं, ते काढलं."

 साहेबांची जीप उद्या येणार होती, हे भावजयीनं सांगितलं. येळवस परवावर होती.

मी परत शेतात गेले. बाबांना सांगितलं, साहेबांनी विचारलं तर तो तुमचं नाव सांगणार आहे. मला वाटलं होतं ते विळा फेकतील, शिव्या देतील, निदान गप्प बसतील. त्यांनी मान वर केली, पट्टा कुठवर आलाय ते बघितलं आणि पुढं नाल्याकडं बघितलं. वाऱ्यानं गवत सगळं आमच्या अंगावर झुकत होतं.

"सांगू दे," ते म्हणाले. "त्याला म्हण, वाट नाल्यापतोर जाऊ दे. मग सांग म्हणावं."

वर्षभरात बापानं लेकाला पाठवलेला हा पहिला निरोप. मी घरी येऊन तो जसाच्या तसा सांगितला. भाऊ दारात उभा होता, काठी हातात घेऊन, पुन्हा फेरीवर निघायच्या तयारीत. त्यानं ऐकलं. माळाच्या दिशेला बघितलं.

"किती राहिलंय?" त्यानं विचारलं.

"लई राहिलंय," मी म्हणाले.